मास्तरांचा भाडेकरू

नाटकाचं पहिलं वाचन झालं तेव्हा मास्तर तालमीच्या हॉलमध्ये अगदी मागच्या खुर्चीवर, गळ्यात टेप अडकवून बसले होते. कपडेपटाच्या माणसानं वाचनाला बसलंच पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा नियम. कोण कधी आत जातो, काय घालून बाहेर येतो, कोणाला भिजायचंय, कोणाला धडपडायचंय, हे आधी कळलं नाही की ऐनवेळी बोंब होते. त्यामुळे तिकडे दिग्दर्शिका वाचत होती, पियानोवरची मुलगी मधेमधे चाली वाजवून दाखवत होती, आणि इकडे मास्तर आपल्या वहीत कोट, शर्ट, ॲप्रन असं टिपून घेत होते.

सोळा गाण्यांचं संगीत नाटक होतं ते. एक बेकरीवाला तरुण आणि एक शाळेत गाणं शिकवणारा तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात. बेकरीवाल्याची आई घर डोक्यावर घेते, गल्ली तोंड फिरवते, दोघांची ताटातूट होते, आणि शेवटच्या गाण्यात आई दार उघडते आणि अख्खी गल्ली गायला लागते. वाचन संपलं तेव्हा तिघाचौघांचे डोळे ओले झाले होते. मग सगळ्यांनी हळूच माना वळवून मास्तरांकडे बघितलं. खोलीत सगळ्यांत वयस्कर तेच होते, त्रेसष्टला टेकलेले. म्हाताऱ्याला हे पचलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दिग्दर्शिका जेमतेम तिशीची, मनानं चांगली. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "मास्तर, मोकळेपणानं सांगा हं. तुम्हाला या विषयाची काही अडचण नाही ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या अंकात तो गाणंवाला भिजून आत जातो आणि चाळीस सेकंदांत कोरडा होऊन बाहेर येतो. चाळीस सेकंदांत माणूस नाकसुद्धा पुसत नाही नीट. तिथं मला अजून चार ओळी गाणं वाढवून द्या."

सगळे हसले. चार ओळी वाढवून मिळाल्या. मास्तरांनी वही मिटली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कपडेपटात निघून गेले.

कपडेपट म्हणजे रंगमंचाच्या मागे, तळघरात उतरणाऱ्या जिन्याशेजारची लांबुळकी खोली. एका भिंतीला छतापर्यंत कपड्यांचे दांडे, दुसऱ्या भिंतीला शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि एक उंच खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. एकोणचाळीस वर्षं मास्तर त्या खोलीत होते. बाप शिंपी, म्हणून हातात कला आली. पण बापाच्या दुकानात लग्नाचे सूट शिवता शिवता 'तुझा कधी शिवायचा?' हा प्रश्न रोज कानावर यायचा, त्याला कंटाळून ते नाटकाच्या थिएटरात चिकटले. इथं कोणी कोणाला तसलं काही विचारत नसे. इथं सगळ्यांना एकच घाई, 'माझा कोट कुठंय?'

आणि या नाटकाच्या विषयाची मास्तरांना अडचण असायचं कारणच नव्हतं. कारण त्यांच्या घरी अठ्ठावीस वर्षं एक भाडेकरू राहत होता.

भाडेकरू हा शब्द शेजाऱ्यांसाठी. तो माणूस पोस्टमन होता. त्या काळी थिएटरचं टपाल मागच्या दाराशी यायचं, आणि ते आणणारा हा उंच, सावकाश बोलणारा माणूस. एकदा कुठल्याशा कुत्र्यानं त्याच्या बाहीच्या पार चिंध्या केल्या होत्या. मास्तरांनी त्याला आत बोलावलं, उभ्या उभ्या बाही शिवून दिली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन परत आला. मास्तर म्हणाले, "आज काय आहे?"

"आज काही नाही."

"मग?"

"काही नाही, हे सांगायला आलो."

असं तो तीन महिने रोज येत राहिला. टपाल असलं तर द्यायला, नसलं तर नाही म्हणून सांगायला. पुढं त्याची खोली सुटली, की त्यानंच सोडली, ते मास्तरांना कधी नीट कळलं नाही. हार्डवेअरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या दोन खोल्यांत तो एक पेटी आणि बुटांचे दोन जोड घेऊन राहायला आला. घरात पलंग दोन होते. एकावर कायम कापडाचे तागे रचलेले. पोस्टमनची धाकटी बहीण वर्षातून एकदा भेटायला यायची, तेव्हा तागे खाली उतरायचे, पलंगावर चादर पसरली जायची आणि ती गेली की तागे परत वर. त्यांनी याबद्दल कधी बसून काही ठरवलं नव्हतं. जसं जमत गेलं तसं ते करत गेले. पोस्टमन सगळ्या जगासमोर त्यांना 'मास्तर' म्हणायचा आणि घरातही 'मास्तर'च म्हणायचा, फक्त घरात 'तू' लागायचं. "मास्तर, तू जेवलास का?" एवढाच काय तो फरक.

नऊ महिन्यांपूर्वी सकाळी बूट घालता घालता पोस्टमन खुर्चीवरून एका अंगावर कलंडला. उजवी बाजू गेली. इस्पितळात खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घरमालक." मग घरमालकाला जसं वागवतात तसंच त्यांना वागवलं गेलं. बाहेरच्या बाकावर तीन दिवस. डॉक्टर बोलले ते बहिणीशी, फोनवरून. बहीण आली, सह्या केल्या, आणि कॉरिडॉरमध्ये मास्तरांचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही परके असून किती केलंत हो आमच्या दादासाठी." मास्तर म्हणाले, "असू दे ताई."

तेव्हापासून त्यांचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडायचा. त्याला उठवायचं, बसवायचं, पुसायचं, कपडे चढवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना कपडे चढवले, पण ते आपला हात आपण बाहीत घालणारे लोक होते. पोस्टमनचा उजवा हात बाहीत जायला तयार नसे. ओल्या पोत्यासारखा जड पडायचा. मग रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, चमच्यानं सूप, गोळ्या. दहा वाजता एक मदतनीस बाई यायच्या, त्यांच्या हाती त्याला सोपवायचं आणि बस धरायची. बोलण्यातले शब्द पोस्टमनकडे पाच-सहाच उरले होते. 'नाही', 'चहा', 'चल', 'घरी', आणि 'मास्तर'. बाकीचं तो डाव्या हातानं सांगायचा आणि समोरच्याला कळलं नाही की भिंतीकडे तोंड करून बसायचा. चिडका झाला होता. मास्तरही झाले होते. एकदा सूप सांडलं तेव्हा ते इतक्या जोरात ओरडले की खालच्या दुकानातला माणूस वर आला. नंतर दोघं दुपारभर एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणजे मास्तर बोलले नाहीत.

तालमींनी जोर धरला. कोट शिवून झाले, ॲप्रन झाले, आईचा शेवटच्या प्रवेशातला गाऊन दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवला. मास्तर तालमीच्या वेळी विंगेत बसून हातशिलाई करायचे. शेवटचं गाणं फारच सुंदर होतं, चाल अशी की इस्त्री करताना आपोआप ओठांवर यायची. आई दार उघडते, पोरगा पायरीवर उभा, आणि ती गाते, आत ये, पाव गरम आहे. आणि मग गल्लीतला न्हावी, चांभार, मास्तरीण, सगळे एकेक ओळ गातात. गायकवृंदातली एक मुलगी दर तालमीला रडायची. तिनं एकदा डोळे पुसत विचारलं, "मास्तर, तुम्हाला नाही काही होत?"

"होतं ना. एका गाण्यात अख्खी गल्ली बदलते. एवढ्या वेळात मला कोट बदलताना घाम फुटतो."

पण एक प्रवेश काही केल्या बसत नव्हता. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा. दोघं तरुण एका भाड्याच्या खोलीत एकत्र राहायला लागलेत, सकाळची वेळ, गाणं नाही, फक्त पियानो. संहितेत लिहिलं होतं, 'दोघांचं घर. सुखाचे क्षण.' आता सुखाचे क्षण करायचे कसे? बेकरीवाला आणि गाणंवाला पलंगाच्या कडेवर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहायचे. मग खांद्यावर हात. मग परत बघणं. चार दिवस हेच चाललं होतं. दिग्दर्शिका डोकं धरून बसली. "खोटं वाटतंय. काय खोटं वाटतंय ते कळत नाहीये, पण खोटं आहे."

मास्तर तेव्हा रंगमंचावरच होते, बेकरीवाल्याच्या पँटला खालून टाचण्या लावत. तोंडात चार टाचण्या. त्या पहाटे पोस्टमन तीनदा उठला होता, त्यांचं डोकं ठणकत होतं आणि त्यांना हे सगळं लवकर संपायला हवं होतं. टाचण्या हातात काढून ते म्हणाले, "एवढं कोण बघतं एकमेकांकडे घरात?"

बेकरीवाल्यानं खाली वाकून त्यांच्याकडे बघितलं.

"सकाळी कामावर जायची घाई असते. बघायला वेळ कुठंय? हे बघा, याच्या शर्टाचं बटण तुटलंय. तू," त्यांनी गाणंवाल्याला उभं केलं, "शर्ट काढायचा नाही. अंगावरच लाव. सुई ओवलेली असते, खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवलेली. घे. असा जवळ उभा राहा. तो हलायला बघतो, त्याला उशीर झालाय. तू हलू देत नाहीस. 'गप उभा राहा' म्हणायचंही नाही, नुसतं शर्टाला हिसका द्यायचा. हं. आता गाठ. कात्री कोण शोधतंय, दातानं तोड दोरा. दातानं तोडायला जवळ जावं लागतं ना? तसाच जवळ जा. तोडलास? आता त्यानं तुझ्या डोक्यावर हनुवटी टेकायची. फार नाही, एक श्वासभर. आणि निघायचं कामाला. मागं वळून बघायचं नाही."

त्यांनी हे गाणंवाल्याचे हात धरून करून दाखवलं. पियानोवरची मुलगी वाजवायचं विसरली. मास्तरांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघतायत. त्यांनी पटकन वाकून टाचण्यांची डबी उचलली.

दिग्दर्शिका अगदी हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, हे कुठं बघितलंत तुम्ही?"

"बटणं लावणं हे कामच आहे माझं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. कपडेपटात जाऊन इस्त्री लावली आणि इस्त्री तापायची वाट बघत तसेच उभे राहिले. उघडी पडलेली शिवण कोणाच्या नजरेला पडली असावी तसं त्यांना वाटत होतं.

कोणी मागोमाग आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दिग्दर्शिका चहाचे दोन कप घेऊन आली. तिला एक वर्तमानपत्रवाला भेटला होता. त्याला नाटकामागची खरी माणसं हवी होती. "तुम्ही बोललात तर लोकांना केवढं बळ येईल मास्तर. इतकी वर्षं..."

"मुली, मला सहाला उठून... नाही, साडेपाचला उठून एका माणसाला आंघोळ घालायची असते. बळ आलं तर आधी मलाच पाहिजे." मग तिचा चेहरा बघून मऊ आवाजात म्हणाले, "मला नाटकात ओढू नका. मी आतच बरा. त्या पोरांना जमतंय ना आता बटण? मग झालं."

तिनं मान हलवली. जाताना तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो ठेवू दिला.

त्याच आठवड्यात पोस्टमनच्या बहिणीचा फोन आला. तिला सगळे हेडबाई म्हणत. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली बारा मुख्याध्यापिका. आता निवृत्त झाली होती. फोनवरही तिचा आवाज प्रार्थनेच्या रांगेला उद्देशून असल्यासारखा यायचा.

"मास्तर, मी ठरवलंय. दादाला मी घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, बाग आहे, मी दिवसभर मोकळी. तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा? शेवटी माणसानं आपल्या माणसांत असावं. मी शनिवारी येते, रविवारी सकाळी गाडी करून निघू."

मास्तर म्हणाले, "बरं."

फोन ठेवल्यावर त्यांना पहिलं काय वाटलं असेल तर सुटका. खोटं कशाला बोलायचं? सोमवारी सकाळी आठ वाजेपर्यंत झोपायचं, एवढंच एक चित्र डोळ्यांसमोर आलं, आणि ते चित्र इतकं गोड होतं की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मग त्यांनी आतल्या खोलीत बघितलं. पोस्टमन खिडकीशी बसून डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होता. तो उजव्या हातानं दाबायचा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटूनही झोपेची ओढ काही गेली नाही.

त्यांनी त्याला सांगितलं. पोस्टमननं ऐकून घेतलं. "नाही," तो म्हणाला. मग जरा वेळानं मास्तरांच्या डोळ्यांखाली बोट दाखवून, तिथली काळी वर्तुळं दाखवून, आपली मान होकारार्थी हलवली. मास्तर म्हणाले, "तुला काय सांगायचंय ते एक धड सांग." तो भिंतीकडे वळला.

शनिवारी नाटकाचा पहिला प्रयोग, दुपारी चारचा. हेडबाई सकाळीच येऊन थडकल्या. आल्या आल्या त्यांनी पोस्टमनच्या कपड्यांची बॅग बघितली. मास्तरांनी ती आधीच भरून ठेवली होती, सदरे घडी घालून, गोळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून. नेमक्या त्याच दिवशी मदतनीस बाईंनी दांडी मारली. मास्तरांना तर थिएटरवर जाणं भाग होतं. हेडबाई म्हणाल्या, "त्यात काय? आम्हीही येतो. दादाला तेवढाच विरंगुळा. कसलं नाटक आहे?"

"गाण्यांचं आहे," मास्तर म्हणाले.

हार्डवेअरवाल्याच्या दोन माणसांनी चाकांची खुर्ची जिन्यानं खाली उतरवून दिली. थिएटरात डावीकडच्या रांगेच्या टोकाला खुर्ची लावली, शेजारी हेडबाई ताठ बसल्या. मास्तरांनी पोस्टमनच्या मांडीवर पांघरूण टाकलं आणि विंगेत पळाले.

पहिला अंक विनाविघ्न झाला. मध्यंतरात बाहेर डोकवायला त्यांना सवड मिळाली नाही, आईच्या गाऊनचा हूक निघाला होता. दुसऱ्या अंकात त्या चाळीस सेकंदांनी दगा दिला. वाढवून घेतलेल्या चार ओळींसकट. गाणंवाला भिजून आत आला, ओली पँट उतरली, कोरडी चढवली आणि चेन अर्ध्यावर अडकून बसली. वर जाईना, खाली येईना. मास्तर गुडघ्यावर बसले, तो चाळीस सेकंदांचा हिशेब डोक्यात चालू, आणि त्यांनी सरळ सुई घेऊन धावदोऱ्यानं पँट त्याच्या अंगावरच शिवून टाकली. "बसू नकोस," ते म्हणाले, "उभ्यानंच गा." पोरगा गेला. उभ्यानंच गायला. मास्तर मात्र तिथंच जमिनीवर बसून राहिले. गुडघे उठायला तयार नव्हते. बटणाचा प्रवेश केव्हा होऊन गेला होता, तो बघायचा असं त्यांनी ठरवलं होतं, पण त्या वेळी ते आईच्या गाऊनचा हूक लावत होते.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. रंगमंचावर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मास्तर घामेजलेले शर्ट गोळा करत कपडेपटात आले आणि दारात हेडबाई उभ्या दिसल्या.

"दादा कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"तिकडे दोन मुली त्याला चॉकलेट भरवतायत. ठीक आहे तो." त्या आत आल्या आणि दांड्यांवरच्या कपड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "पहिला अंक झोपला होता. घोरत होता चक्क. दुसरा सुरू झाला तसा जागा झाला. ते दोघं... ते बटण लावणं चाललं होतं तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. आणि म्हणाला, 'आमचं.'"

मास्तरांच्या हातातला एक शर्ट उलटा होता, तो ते सुलटा करत राहिले.

"मी म्हटलं, काय आमचं? तर परत तेच. 'आमचं.' पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळून बघायला लागल्या. अकरा महिन्यांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता."

"मीही नाही," मास्तर म्हणाले.

हेडबाईंनी स्टूल ओढलं, पण बसल्या नाहीत. "मी चौतीस वर्षं शाळेत काढली. पोराच्या चेहऱ्यावरून ओळखायचे मी, कोणी कॉपी केलीय ते. आणि तुमच्या घरी मी सत्तावीस वेळा आले. त्या पलंगाची चादर दर वेळी नवी. घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नसायच्या. मला दिसलं नव्हतं असं समजू नका. दिसलं होतं. मी बघितलं नाही." आवाज चढला. "पण तुम्ही सांगितलं का नाहीत मला?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मास्तरांनी विचार केला. "नाही."

"मग!" त्या चिडून म्हणाल्या. "इस्पितळात तुमचे हात धरून मी तुम्हाला परके म्हटलं. तुम्ही 'असू दे ताई' म्हणालात. काय असू दे? मला तोंडावर पाडलंत तुम्ही. आता मी तुम्हाला म्हणू तरी काय? माझ्या भावाचं माणूस म्हणजे माझी कोण? वहिनी म्हणू तुम्हाला?"

हे त्या रागानं म्हणाल्या होत्या. पण शब्द बाहेर पडला आणि त्या मास्तरांकडे, त्यांच्या गळ्यातल्या टेपाकडे, पांढऱ्या दाढीच्या खुंटांकडे, हातातल्या ओल्या शर्टांच्या ढिगाकडे बघायला लागल्या आणि त्यांचा एक गाल हलला. मास्तरांचाही. मग दोघंही हसत सुटले, नको इतके. हेडबाईंना अखेर स्टुलावर बसावं लागलं. हसता हसता त्यांचं नाक लाल झालं आणि पर्समधून रुमाल काढून त्या बराच वेळ तोंड पुसत राहिल्या.

"मास्तरच बरं," मास्तर म्हणाले. "सवय आहे."

"मला अजून हे पटलेलं नाही, सांगून ठेवते," रुमालातून त्या म्हणाल्या.

"असू दे."

"आणि ते 'असू दे' बंद करा आधी."

रविवारी गाडी आली, पण पोस्टमन काही खुर्चीवरून हलेना. 'घरी' म्हणाला. हेडबाई म्हणाल्या, घरीच तर नेतेय. त्यानं डाव्या हातानं पलंगाचा दांडा धरून ठेवला, बोटं पांढरी पडेपर्यंत. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता. शेवटी हेडबाईंनी खिडकीतून ओरडून त्याला परत पाठवलं. मग स्वयंपाकघरात मास्तरांसमोर उभं राहून वर्गाला वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. दर महिन्यात पंधरा दिवस त्या इथं येऊन राहतील. बाकीचे पंधरा दिवस मदतनीस बाई. आणि मास्तरांनी आत्ता, ताबडतोब, झोपायचं.

ते काही सरळपणे पार पडलं नाही. हेडबाईंना मास्तरांचं सूप अळणी वाटायचं, मास्तरांना त्यांचं खारट, आणि डॉक्टरांनी तर मीठ बंदच करायला सांगितलं होतं. त्या पोस्टमनशी मोठ्यांदा बोलायच्या, जणू तो बहिरा झाला होता. शेजारीणबाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "भाडेकरूंच्या बहीण का?" हेडबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो." वर आल्यावर दिवसभर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी स्वतःशीच पुटपुटल्या, "पुढच्या वेळी बघू."

नाटकाचे सत्तेचाळीस प्रयोग झाले. नंतर गाणंवाल्याला दुसरीकडे काम लागलं आणि ते बंद पडलं. मास्तरांनी कपडे धुऊन, वाळवून, दांड्यावर चढवले आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी दिग्दर्शिका त्यांना बिलगून रडली. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि तिच्या जॅकेटचं अस्तर सुटलंय हे सांगितलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी हेडबाई आल्या तेव्हा मास्तर तागे उतरवलेल्या दुसऱ्या पलंगावर जरा टेकले. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर दुसऱ्या बाजूला गेलं होतं. आतल्या खोलीत बहीण-भावाचं भांडण रंगात आलं होतं. ती म्हणत होती, उजव्या हातानं दाब, तो म्हणत होता, "नाही." ती म्हणत होती, मी तुझ्यापेक्षा लहान असले तरी हेडबाई आहे, तो म्हणत होता, "चहा." मास्तरांना वाटलं, उठून बघावं. चेंडू पडल्याचा आवाज आला, घरंगळत तो खुर्चीखाली गेला असावा. हेडबाई तो काढायला वाकताना गुडघ्यांच्या नावानं काहीतरी बोलल्या.

मास्तरांनी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.